नळीतल्या विजेचा हिशेब

तुटलेला मज्जातंतू शिवला की डॉक्टर हात दोन-तीन आठवडे स्प्लिंटमध्ये बांधून ठेवतात. टाक्यांवर ताण येऊ नये, एवढ्यासाठीच. आणि तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये बसवायची जी पिझोइलेक्ट्रिक नळी, जिच्याकडून आपण मोठी आशा धरून बसलोय, ती हालचालीवर चालते. ती दाबली, ताणली किंवा वाकवली तरच तिच्यातून वीज निघते. म्हणजे मज्जातंतूच्या नव्या धाग्यांना दोन टोकांमधली खिंड ओलांडायला मदत हवी असते नेमक्या त्या आठवड्यांत हात निश्चल असतो आणि नळी गप्प बसते. या विषयावरचे कितीतरी प्रस्ताव ‘शरीराच्या नैसर्गिक हालचालीतून ऊर्जा’ या वाक्याने सुरू होतात. ते वाक्य आणि ते स्प्लिंट एकत्र कसे नांदणार, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं.

प्रश्न सार्वजनिक पैशाचा आहे. मज्जातंतूंच्या दुरुस्तीसाठी पिझोइलेक्ट्रिक जैवपदार्थांवर पुण्यात काम व्हावं का, आणि करदात्याने त्यासाठी पैसे द्यावेत का? आमचं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे. पण पैसे देताना काय मागायचं, हे आज ठरलेलं नाही आणि ते ठरवायला हवं.

आधी घड्याळाकडे बघू, कारण या सगळ्या प्रकरणात खरा शत्रू वेळ आहे. मज्जातंतू कापला गेला की जखमेपलीकडचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेवर हे दाखवून दिलं. आतले धागे विरघळतात, आवरणं उरतात आणि त्यांतल्या, धाग्यांना वेढून आधार देणाऱ्या श्वान (Schwann) पेशी रांगा धरून वाट बघत राहतात. वरच्या टोकाकडून नवे धागे फुटतात आणि दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतात. मनगटापाशी अल्नर ही करंगळीकडची नस तुटली (या लेखात नस म्हणजे मज्जातंतूच) तर पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर ८-१० सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार महिने. तीच कोपराच्या वर तुटली तर अंतर ३५-४० सेंटिमीटर होतं आणि प्रवास वर्षाच्या पुढे जातो. स्नायू तेवढा थांबत नाही. बारा ते अठरा महिने त्याला आज्ञा मिळाली नाही तर तो आक्रसतो, त्याच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात आणि मग उशिरा पोचलेल्या धाग्याला दार उघडायला घरात कुणी नसतं.

कापलेली टोकं ताण न देता जुळत असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ८-० किंवा ९-० या अतिबारीक नायलॉन धाग्याने ती थेट शिवणं, याला अजून तोड नाही. मध्ये खिंड पडली असेल तर पायाच्या मागच्या बाजूची सुरल नस काढून तिचे तुकडे पुलासारखे लावतात. मग पावलाची बाहेरची कड कायमची बधिर राहते आणि पायावर एक व्रण वाढतो. या त्रासातून सुटका म्हणून नळी आली. कोलॅजेनच्या, पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या नळ्या आज वापरात आहेत. नळी खिंडीपेक्षा ४-५ मिलिमीटर लांब कापायची, दोन्ही टोकं साधारण २ मिलिमीटर आत ओढून यू-टाक्याने पकडायची, आतलं रक्त आणि हवा सलाइनने धुऊन काढायची. हे धुणं राहिलं तर आत गुठळी बसते आणि धागे तिथेच अडकतात. नळीचा व्यास नसेपेक्षा थोडा मोठा हवा, कारण शस्त्रक्रियेनंतर टोकं सुजतात. सांध्यावरून नेली तर ती मुडपते. या साध्या नळ्या लहान, संवेदना वाहणाऱ्या नसांत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या खिंडीला चालतात. त्यापुढे आणि संवेदना व हालचाल दोन्ही वाहणाऱ्या जाड मिश्र नसांत त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पिझोइलेक्ट्रिक नळीची खरी जागा ही आहे: ३ सेंटिमीटरच्या पलीकडची खिंड, जिथे आज सुरल नसेशिवाय फारसा पर्याय नाही.

कल्पना जुनी आहे. ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाबविद्युत, म्हणजेच पिझोइलेक्ट्रिक परिणाम, दाखवली. १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा यांनी ती हाडात मोजली. १९६९ मध्ये कावाई यांना ताणून ध्रुवित केलेल्या (म्हणजे विद्युत क्षेत्रात ठेवून आतले भार एका दिशेत लावलेल्या) पीव्हीडीएफ या प्लास्टिकमध्ये ती चांगलीच जोरदार सापडली. आणि १९८७ मध्ये एबिशर, व्हॅलेंटिनी आणि सहकाऱ्यांनी पीव्हीडीएफच्या नळ्या लहान उंदरांच्या मांडीमागच्या सायटिक नसेवर बसवून पाहिल्या. ध्रुवित नळ्यांत जास्त धागे वाढले. या गोष्टीला आता जवळपास चार दशकं होत आली. इतक्या वर्षांत पदार्थ बदलले, निष्कर्षाचं वाक्य फारसं बदललं नाही. आजही बहुतेक प्रयोग रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, सायटिक नसेतल्या १० मिलिमीटर खिंडीवर होतात.

ही १० मिलिमीटरची खिंड नीट समजून घ्यायला हवी. गोरान लुंडबोर्ग यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं, की रॅटमध्ये १० मिलिमीटरची खिंड साध्या रिकाम्या सिलिकॉनच्या नळीतूनही भरून येते. १५ मिलिमीटरला ती भरत नाही. म्हणजे १० मिलिमीटरवर यश मिळवणं म्हणजे जो पेपर रिकामी नळीही पास होते तो पास होणं. म्हणून पहिली मागणी साधी आहे. सरकारी निधीतून होणाऱ्या प्रयोगात रॅटमध्ये १५ मिलिमीटर आणि पुढे सशात ३० मिलिमीटर खिंड असावी, आणि तुलना रिकाम्या नळीशी नको, त्याच प्राण्याच्या स्वतःच्या नसेच्या तुकड्याशी व्हावी. हा प्रयोग महाग आहे, वेळखाऊ आहे आणि त्यात अपयश येण्याची शक्यता जास्त आहे. पैसे त्यासाठीच हवेत.

आता विजेचा हिशेब. पीव्हीडीएफचा दाबविद्युत गुणांक, म्हणजे दर न्यूटन बळामागे निघणारा विद्युतभार, २० ते ३० पिकोकुलोंब प्रति न्यूटन असतो. ताणलेल्या पीएलएलएचा, म्हणजे विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या एका रूपाचा, साधारण १० आणि तोही कर्तरी (शिअर) प्रकारचा, म्हणजे सरळ दाबाने नव्हे तर तिरकं सरकवल्याने मिळणारा. कोलॅजेनचा १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. पीझेडटी या सिरॅमिकचा ३०० च्या वर जातो, पण त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून शरीरात विरघळणाऱ्या नळीसाठी त्याचा विचार करू नये. समजा पीव्हीडीएफच्या भिंतीवर ०.१ न्यूटन, म्हणजे १० ग्रॅम वजनाइतका दाब आला. मिळाले अडीच पिकोकुलोंब. शल्यविशारद नसेला इलेक्ट्रोडने उद्दीपन देतात तेव्हा ०.१ मिलिसेकंदाच्या, १ मिलिअँपिअरच्या एका ठोक्यात १०० नॅनोकुलोंब जातात. हा फरक चाळीस हजार पटींचा आहे.

इथे थांबून ‘मग हे सगळं व्यर्थ’ म्हणणं घाईचं ठरेल, कारण भूमिती बदलली की आकडा बदलतो. तीच पट्टी २० मायक्रोमीटर पातळ आणि १० मिलिमीटर लांब करून लांबीच्या दिशेने ओढली तर पृष्ठभागाचं काटछेदाशी प्रमाण ५०० पट होतं आणि त्याच ०.१ न्यूटनमधून सुमारे १ नॅनोकुलोंब निघतो. म्हणजे फरक शंभर पटींवर आला. पातळ पट्टीची गुंडाळी करून केलेली नळी आणि जाड भिंतीची ओतीव नळी, दोन्हींचं नाव एकच असलं तरी विजेच्या हिशेबात त्या सख्ख्या बहिणीही नाहीत. प्रस्तावात पदार्थाचं नाव ठळक असतं आणि भिंतीची जाडी पुरवणी माहितीत, हे उलट व्हायला हवं.

शिवाय शरीर खारट पाण्याचं आहे. त्या पाण्यात स्थिर भाराचा प्रभाव एक नॅनोमीटरच्या आतच झाकला जातो. ताण बदलत असताना तेवढा क्षणिक प्रवाह वाहतो, ताण स्थिर झाला की संपलं. म्हणून कोरड्या टेबलावर बोटाने टपटप करून मिळालेले ‘दोन व्होल्ट’ नळीबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांतला बराचसा भाग कित्येकदा घर्षणाचा असतो, नायलॉनच्या साडीला थंडीत चिकटणाऱ्या विजेसारखा. घर्षणाची वीज वगळायची रीत अवघड नाही: पट्टी उलटी करून मोजा. खरी दाबविद्युत असेल तर संकेताचं चिन्ह उलटतं, घर्षणाची असेल तर तसंच राहतं. मग तीच पट्टी सलाइनमध्ये ३७ अंशांना ठेवून मोजा. हे दोन आकडे नसतील तर प्राण्यावर प्रयोगाची परवानगीच मागू नये. प्राण्याचा जीव घेण्याआधी एवढं करणं ही किमान सचोटी आहे.

तुलनेचे गट पाडताना तर आणखी मोठी गफलत होते. इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च व्होल्टेजने द्रावणातून बारीक धागे ओढून, एका दिशेत विणलेल्या धाग्यांवर श्वान पेशी आणि नवे धागे तसेही रांगेत वाढतात. त्याला विजेची गरज नसते. पीव्हीडीएफ ताणलं की ते कडक होतं, आणि पेशींना कडकपणाही कळतो. त्यामुळे ‘ताणलेली-ध्रुवित’ विरुद्ध ‘न ताणलेली’ ही तुलना काहीच सिद्ध करत नाही. ‘ताणलेली-ध्रुवित’ विरुद्ध ‘ताणलेली-अध्रुवित’ अशीच ती हवी. पीएलएलएमध्ये तर पेच वेगळाच आहे. त्याला विद्युत क्षेत्रात ध्रुवित करावं लागत नाही, ओढण्यातूनच गुण येतो. मग नियंत्रण गट कुठून आणायचा? त्याच ओढलेल्या फिल्ममधून एक पट्टी ओढण्याच्या दिशेला समांतर कापायची आणि दुसरी ४५ अंशांत. लांबीने ताण दिला तर पहिलीतून जवळपास काहीच निघत नाही, दुसरीतून सर्वात जास्त. रसायन तेच, जाडी तीच. ओढण्याच्या खुणा मात्र दोन्हींत वेगळ्या दिशेने धावतात, म्हणून आतल्या बाजूला दोन्हींना सारखाच गुळगुळीत थर द्यायचा. एक कटर, एक कोनमापक आणि एक लेप; खर्च नगण्य. तरीही हा गट फारसा दिसत नाही.

स्प्लिंटच्या अडचणीवर सर्वात गंभीर उत्तर म्हणजे बाहेरून अल्ट्रासाउंड. हाडाच्या जोडणीसाठी वापरात असलेलं कमी तीव्रतेचं अल्ट्रासाउंड, १.५ मेगाहर्ट्झ, ३० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, रोज २० मिनिटं, अशा प्रमाणाच्या आसपास नळी थरथरवता येते. आम्हाला ही वाट खरोखर आशेची वाटते, कारण हात बांधलेला असला तरी ती चालते. पण अल्ट्रासाउंडचा नसेवर स्वतःचाही परिणाम असू शकतो. म्हणून चार गट लागतात: ध्रुवित आणि अध्रुवित नळी, प्रत्येकी अल्ट्रासाउंडसह आणि अल्ट्रासाउंडविना. शिवाय नसेच्या तुकड्याचा पाचवा. आणि जुन्नर किंवा भोरच्या खेड्यातला माणूस रोज २० मिनिटांसाठी एसटीने पुण्याला येणार नाही. घरी वापरायचं यंत्र, त्याला लागणारं जेल आणि ते कुठे टेकवायचं हे स्प्लिंटवर ठेवलेल्या खिडकीवरून कळणं, हे सगळं नळीच्याच संशोधनाचा भाग धरायला हवं.

याच ठिकाणी एक गैरसोयीचा प्रतिस्पर्धी उभा आहे. २००० साली अल-माजेद, ब्रशार्ट आणि टेसा गॉर्डन यांनी रॅटच्या मांडीतल्या फेमोरल नसेवर दाखवलं, की शिवल्यानंतर लगेच फक्त एक तास २० हर्ट्झने उद्दीपन दिलं तर ८-१० आठवड्यांचं काम ३ आठवड्यांत होतं. वाढीचा वेग त्याने बदलत नाही; टाक्यांच्या रेषेवर रेंगाळणारे धागे लवकर पलीकडे जातात. पुढे माणसांतही, कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर, या पद्धतीचा उपयोग दिसला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक तास, साधं उपकरण, शरीरात काही मागे ठेवायचं नाही. पिझोइलेक्ट्रिक नळीने या एका तासापेक्षा काय जास्त दिलं, याचं उत्तर प्रत्येक प्रस्तावात असायला हवं. उत्तर असू शकतं: लांब खिंडीत धाग्यांना पहिल्या दिवशीच नव्हे, कित्येक आठवडे ढकलणारा हात हवा असतो. ते सिद्ध करा.

मग पुण्याने यात का पडावं? कारण इथे जे जवळजवळ आहे ते फार थोड्या शहरांत असतं. पाषाणला पॉलिमरचं दीर्घ काम असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्याच आवारात नवउद्योगांना जागा देणारं व्हेंचर सेंटर, शेजारी विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आयसर, पाषाण रस्त्यावरच इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी सी-मेट. आणि गर्दी नसेल तर अर्ध्या-पाऊण तासावर बीजे वैद्यकीय महाविद्यालय-ससून आणि सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या प्रेसवर, उसाच्या चरकात, कडबाकुट्टीत सापडलेले हात याच पट्ट्यातले. पदार्थ ओढणारा, तो मोजणारा आणि तो हातात शिवणारा, तिघं एका टेबलाशी बसू शकतात. ‘परदेशात होईल तेव्हा आपण आणू’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. आयात केलेल्या नळीची किंमत प्रेसवरच्या कंत्राटी कामगाराच्या आवाक्यातली नसते, आणि घरी वापरायच्या अल्ट्रासाउंडची रचना एसटीचं वेळापत्रक माहीत नसलेला माणूस करणार नाही.

‘मूलभूत संशोधनाला उपयोगाच्या अटी लावू नका’ असाही आक्षेप येतो, आणि तो आम्हाला मान्य आहे. पदार्थातल्या ध्रुवीकरणाचा अभ्यास त्या अभ्यासासाठी करावा, त्याला निधी मिळावा. पण प्रस्तावात रुग्णाचा हात दाखवून पैसे मागितले असतील तर हिशेबही त्या हाताचाच द्यावा लागेल.

त्या हिशेबातली सर्वात दुर्लक्षित बाब निर्जंतुकीकरणाची आहे. पीव्हीडीएफ-टीआरएफई या सहबहुलकाची (दोन घटकांच्या साखळीच्या प्लास्टिकची) नळी प्रयोगशाळेत उत्तम चालते. तिचं ध्रुवीकरण १०० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास नाहीसं होतं. वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालतो १२१ अंशांवर, १५ मिनिटं. एका फेरीत नळी निर्जंतुक होते आणि तिची वीज जाते. दिसायला ती आधीसारखीच. पीएलएलए साधारण ६० अंशांपाशी मऊ पडायला लागतं आणि त्यातली ओढण्याची दिशा सैलावते, शिवाय गॅमा किरणांच्या नेहमीच्या २५ किलोग्रे मात्रेने त्याच्या साखळ्या तुटून ते ठरल्यापेक्षा लवकर विरघळतं. उरतो इथिलीन ऑक्साइड वायू, कमी तापमानाच्या फेरीत, आणि त्यानंतर उरलेला वायू निघून जायला पुरेसा वेळ. म्हणून दाबविद्युत गुणांक निर्जंतुकीकरणाच्या आधी मोजलेला ग्राह्य धरू नये. पाकिटातून काढल्यावर मोजा, आणि पाकीट सहा महिने कपाटात ठेवून पुन्हा मोजा.

पुण्याची हवाही यात भाग घेते. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये १०-२० किलोव्होल्टवर, सुईपासून १०-१५ सेंटिमीटरवर धागे जमतात आणि वाटेत द्रावक उडतो. जुलैत बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. धाग्यांवर छिद्रं आणि मणी येतात. एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि सुईच्या टोकाशीच द्रावण वाळून बसतं. त्याच कृतीतून दोन ऋतूंत दोन वेगळ्या नळ्या निघतात. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली परवाना मागायचा तर प्रत्येक बॅच सारखी असल्याचं दाखवावं लागतं. आर्द्रता बांधून ठेवणारी पेटी पहिल्या महिन्यातच निधीत मागा. तिसऱ्या वर्षी नाही.

आणि एक कबुली रुग्णांसमोर द्यायलाच हवी. दुचाक्यांच्या या शहरात मज्जातंतूची सर्वात भयानक इजा म्हणजे गाडीवरून पडून खांद्यापाशचं मज्जातंतूंचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, मुळापासून उपटलं जाणं. तिथे मूळच मज्जारज्जूतून निघालेलं असतं, दुसरं टोक उरतच नाही, म्हणून कोणतीही नळी कामाची नाही. तिथे चालू असलेल्या नसेतल्या धाग्यांचा एक गुच्छ वळवून दुसऱ्या स्नायूला जोडावा लागतो, जसं कोपर वाकवण्यासाठी अल्नरमधला गुच्छ बायसेप्सकडे नेतात, आणि तेही तीन ते सहा महिन्यांच्या आत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही ही नळी उत्तर नाही. बातमीत ‘मज्जातंतू पुन्हा वाढवणारा पदार्थ’ असं छापून आलं की याच दोन प्रकारचे रुग्ण आशेने येतात आणि वाट बघत बसतात. पहिल्या प्रकाराला ती वाट परवडत नाही.

शेवटची मागणी नळीबाहेरची आहे, पण आमच्या मते त्याच निधीतून व्हायला हवी. मराठीत ‘नस तुटली’ म्हणजे रक्तवाहिनी, कंडरा किंवा मज्जातंतू, तिन्ही. नातेवाईक एवढंच ऐकतात की ‘नस शिवली’, आणि बोट बधिर का हे महिन्या-दीड महिन्यानंतर विचारतात. केसपेपरवर मीडियन, अल्नर, रेडियल ही हाताच्या मज्जातंतूंची तीन नावं छापलेली असावीत आणि प्रत्येकीपुढे खूण. तपासायला फार काही लागत नाही. प्लास्टिकच्या बॉलपेनची गुळगुळीत बाजू बोटाच्या टोकावरून अलगद ओढायची. चांगल्या कातडीवर घामाचा बारीक ओलावा असतो, पेन जरा अडखळतं. मज्जातंतू तुटला असेल तर घाम थांबतो आणि पेन सुळकन सरकतं. रडणाऱ्या लहान मुलावरही हे करता येतं. फक्त भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी करायचं, कारण नंतर सगळीच बोटं बधिर असतात आणि काहीच कळत नाही.

काचेचा स्वच्छ काप पहिल्या दोन-तीन दिवसांत सापडला तर टोकं जवळच असतात आणि थेट शिवता येतात. प्रेसखाली चिरडलेल्या नसेची टोकं टाक्याने खूण करून ठेवायची आणि मेलेला भाग वेगळा दिसेपर्यंत, साधारण तीन आठवडे, थांबायचं. पण स्वच्छ कापही सहा आठवडे राहून गेला तर टोकं मागे सरकतात, त्यांवर गाठी धरतात, त्या गाठी निरोगी धागे दिसेपर्यंत छाटाव्या लागतात आणि पहिल्या दिवशी नसलेली दोन-तीन सेंटिमीटरची खिंड तयार होते. नळी मग त्या खिंडीसाठी शोधावी लागते.